छत्री केवढी आणि स्टँड कोणता? भोपाळच्या तलावाकाठी उलगडणारे प्रकाशाचे गणित

भोपाळच्या बड्या तलावाच्या पश्चिमेला सूर्य उतरू लागला की व्हीआयपी रोडपासून बोट क्लबपर्यंतचा काठ छायाचित्रकारांनी गजबजतो. परमारवंशीय राजा भोजाच्या नावाशी जोडलेला हा अकराव्या शतकातला जलाशय आज रामसर करारान्वये संरक्षित पाणथळ क्षेत्र आहे. शहरातील नवपरिणित जोडप्यांना आपले छायाचित्र याच पाण्याच्या पार्श्वभूमीवर हवे असते. भोपाळमध्ये पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक असलेली मराठी कुटुंबेही त्याला अपवाद नाहीत. अडचण एकच. मावळतीचे आकाश उजळ असते आणि आकाशाकडे पाठ करून उभ्या राहिलेल्या माणसांचे चेहरे काळवंडतात. कॅमेऱ्यावर बसवलेला फ्लॅश समोरून मारला तर चेहरा दिसतो खरा, पण तो सपाट, तेलकट आणि भयचकित दिसतो. म्हणून फ्लॅश कॅमेऱ्यापासून दूर, स्टँडवर, छत्रीमागे न्यावा लागतो.

छोटा फ्लॅश आणि साधी छत्री यांवर व्यावसायिक दर्जाचे काम होऊ शकते, हा विचार अमेरिकेतील वृत्तछायाचित्रकार डेव्हिड हॉबी यांच्या २००६ पासूनच्या लेखनामुळे जगभर पोचला. महागडे स्टुडिओ दिवे परवडत नसलेल्या लहान शहरांतील छायाचित्रकारांना त्याने मोठा आधार दिला. मात्र दुकानात गेल्यावर ३३ इंची, ४३ इंची, ६० इंची अशा छत्र्या आणि सहा फुटांपासून दहा फुटांपर्यंतचे स्टँड समोर येतात, तेव्हा नवखा माणूस गोंधळतो. बहुतेकदा तो सर्वांत मोठी छत्री आणि सर्वांत हलका स्टँड उचलतो. तलावाकाठी असो वा गोव्याच्या किनाऱ्यावर, याच जोडीने घात होतो.

मोठी छत्री म्हणजे मऊ प्रकाश, पण कोणत्या अंतरावरून?

प्रकाशाचा मऊपणा दिव्याच्या प्रत्यक्ष आकारावर ठरत नाही. चेहऱ्याच्या जागेवरून पाहिल्यास तो दिवा केवढा दिसतो, यावर तो ठरतो. सूर्य अवाढव्य आहे, परंतु तो इतका दूर आहे की आकाशात एखाद्या टिकलीएवढा दिसतो. म्हणून दुपारच्या उन्हातली सावली धारदार असते. तोच सूर्य ढगाआड गेला की सारे आकाशच दिवा बनते आणि सावल्या विरघळतात. छत्रीचे तत्त्व हेच. ४३ इंची छत्री एक मीटर अंतरावर धरली तर चेहऱ्याला ती विशाल वाटते. तीच चार मीटर मागे नेली की तिचा प्रकाश उघड्या फ्लॅशच्या जवळ जाऊ लागतो. छत्रीच्या व्यासाइतके ते त्याच्या दीडपट अंतर ठेवावे, हा साधा आडाखा उपयोगी पडतो.

छत्रीवर छापलेले माप फसवे असते, हेही लक्षात ठेवावे. ते बहुधा कापडाच्या बाकावरून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजलेले असते. उघडल्यावरचा सरळ व्यास त्याहून काही इंच कमी भरतो. ४३ इंची म्हणून घेतलेली छत्री समोरून पाहता साधारण एक मीटर रुंद असते.

या हिशेबाने ३३ इंचांच्या आसपासची छत्री एका व्यक्तीच्या डोक्या-खांद्यापर्यंतच्या चित्राला पुरते. ४३ ते ४५ इंची छत्री कमरेपर्यंतच्या चित्राला आणि बिलगून बसलेल्या जोडप्याला उत्तम. शालू किंवा पैठणीचा पदर आणि पायांपर्यंतची आकृती दाखवायची असेल, किंवा पाच-सहा जणांचे कुटुंब असेल, तर ६० इंची छत्रीला पर्याय नाही. मात्र ती घराच्या दिवाणखान्यात उघडली की छताला आणि भिंतींना टेकते. आणि उघड्यावर ती काय करते, हे पुढे येईलच.

समूहचित्रात आणखी एक बाब येते. अंतर दुप्पट झाले की प्रकाश निम्मा होत नाही, चौथाई होतो. छत्री पहिल्या माणसापासून एक मीटरवर आणि शेवटच्या माणसापासून दोन मीटरवर असेल, तर शेवटच्याला दोन स्टॉप कमी प्रकाश मिळतो. नवरा उजळ आणि नवऱ्याची आत्या अंधारात, अशी चित्रे याच कारणाने निघतात. छत्री मागे घेऊन पहिला माणूस तीन मीटरवर आणि शेवटचा चार मीटरवर आला, तर फरक एका स्टॉपहूनही कमी उरतो. मागे गेल्याने गमावलेला मऊपणा मोठ्या छत्रीने भरून निघतो. मोठ्या छत्रीची खरी गरज इथे असते.

आरपार की परावर्तित?

पांढऱ्या कापडातून प्रकाश आरपार सोडणारी छत्री चेहऱ्याच्या अगदी जवळ आणता येते, कारण तिची दांडी मागे फ्लॅशच्या बाजूला राहते. तिचा दोष असा की प्रकाशाचा मोठा वाटा कापडावरून मागे उसळतो आणि खोलीभर सांडतो. पांढऱ्या भिंतींच्या लहान खोलीत हा सांडलेला प्रकाश सावल्या भरून काढतो, म्हणून तो गुणही ठरतो. उघड्यावर मात्र तो वायाच जातो. आतून पांढरी किंवा चंदेरी आणि बाहेरून काळी अशी परावर्तक छत्री प्रकाश वाया घालवत नाही. चंदेरी अस्तर अधिक तेज देते, पण घामेजल्या कपाळावर चकाकीही आणते. उष्ण आणि दमट हवेत पांढरे अस्तर अधिक सुरक्षित. काही छत्र्यांचे काळे आवरण काढता येते. पहिली छत्री घेणाऱ्याने अशीच पाहावी, एका छत्रीत दोन्ही कामे होतात.

फ्लॅशचे डोके रुंद कोनावर, म्हणजे २४ ते ३५ मिलिमीटरवर ठेवावे. ते अरुंद कोनावर राहिले तर छत्रीच्या मध्यभागीच उजेडाचा ठिपका पडतो, आणि ६० इंची छत्रीचे पैसे देऊन ३० इंचीचे काम होते.

उजेडाचा हिशेबही आधीच मांडावा. छत्रीमुळे साधारण दीड ते दोन स्टॉप प्रकाश घटतो. बहुतेक कॅमेरे सेकंदाच्या २०० व्या किंवा २५० व्या भागापर्यंतच फ्लॅशशी जुळतात, त्यामुळे उजळ आकाश आटोक्यात ठेवण्यासाठी ॲपर्चर बारीक करावे लागते. अशा वेळी एका छोट्या फ्लॅशची पूर्ण ताकद दीड-दोन मीटरपलीकडे पुरत नाही. भर उन्हात चार मीटरवरची ६० इंची छत्री म्हणूनच निष्प्रभ ठरते. सूर्य क्षितिजाला टेकेपर्यंत थांबले की आकाशाचे तेज झपाट्याने उतरते आणि तोच फ्लॅश पुरेसा होतो.

स्टँडची खरी परीक्षा वाऱ्यात

तलावावरून येणाऱ्या वाऱ्याला मध्ये झाड नाही, इमारत नाही. उघडलेली छत्री म्हणजे त्याच्या वाटेत उभारलेले शीडच. ताशी २० किलोमीटरच्या वाऱ्यात ४३ इंची छत्रीवर सुमारे दोन किलो वजनाइतका जोर येतो, ६० इंचीवर जवळपास चार किलोचा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की हा जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. झुळुकीत निश्चल असलेला स्टँड एका झोताने आडवा होतो, त्याचे रहस्य हे.

दोन किलो ऐकायला थोडे वाटतात. पण हा जोर जमिनीपासून दोन मीटर उंचीवर लागतो आणि स्टँडचे पाय मध्यापासून जेमतेम हातभर पसरलेले असतात. पायांचे टोक मध्यापासून ४५ सेंटिमीटरवर आहे असे धरू. वारा ज्या दिशेला वाहतो त्या दिशेला दोन पायांमधली मोकळी जागा असेल, तर स्टँडला टेकायला केवळ साडेबावीस सेंटिमीटरचा आधार मिळतो, आणि त्याला उभे ठेवण्यास एकूण सुमारे अठरा किलो वजन लागते. एक पाय नेमका वाऱ्याच्या पुढच्या दिशेला रोखला, तर आधार दुप्पट होतो आणि नऊ किलोंत भागते. म्हणजे स्टँड नुसता फिरवून लावल्याने अर्धे काम होते, आणि त्याला एक पैसाही लागत नाही.

उरलेले काम वाळूच्या पिशवीचे. वारा एकाच दिशेचा असेल तर पिशवी वाऱ्याकडील दोन पायांवर टाकावी. तिथे सात-आठ किलोही बरेच काही करतात. वारा दिशा बदलत असेल तर ती मध्यदांड्याला खाली, जमिनीला जेमतेम टेकेल अशी अडकवावी. लटकती राहिली तर ती झुलून स्टँडलाच हलवते. प्रवासात रिकामी पिशवी न्यावी आणि जागेवर वाळू किंवा पाण्याच्या बाटल्यांनी भरावी. जमिनीवरची धूळ आणि कागदाचे कपटे उडू लागले, की वाऱ्याने ताशी २० किलोमीटरचा टप्पा ओलांडला असे समजावे. त्यानंतर एका सहायकाने स्टँड धरून उभे राहावे किंवा छत्री सरळ मिटावी. ६० इंचीसाठी हा नियम त्याआधीच लागू होतो.

लग्नाच्या गर्दीत हा प्रश्न केवळ उपकरणाच्या नुकसानीचा नसतो. मंडपात मुले धावत असतात, आजी-आजोबा पहिल्या रांगेत बसलेले असतात. दोन मीटरवरून कोसळणारा फ्लॅश, छत्रीच्या धातूच्या काड्या आणि स्टँडचा दांडा कुणाच्या डोळ्यावर येऊ शकतो. म्हणून वजन न लावलेला स्टँड माणसांत उभा करू नये.

उंची, जाडी आणि जोड

घडी करून पाठपिशवीत मावणारे पाच टप्प्यांचे बारीक स्टँड प्रवासाला सोयीचे, परंतु पूर्ण ताणल्यावर त्यांचा वरचा टप्पा बोटाएवढा बारीक उरतो आणि डुलू लागतो. सहा फुटी स्टँड बसलेल्या माणसाला पुरतो. उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या वरून, तिरका प्रकाश टाकायचा तर छत्रीचा मध्य सात ते आठ फुटांवर असावा लागतो. म्हणून आठ फुटी, तीन टप्प्यांचा, मध्यम जाडीचा स्टँड ही पहिली निवड. वधूवर दोन-तीन फूट उंच मंचावर आणि स्टँड खाली जमिनीवर, अशी स्थिती विवाह सभागृहांत नेहमीचीच. तिथे दहा फुटी स्टँड लागतो. चष्मा घातलेल्या ज्येष्ठांच्या काचांत छत्रीचे प्रतिबिंब उमटते, तेव्हाही तिला आणखी वर आणि बाजूला सारणे हाच उपाय असतो.

खरेदीच्या वेळी आणखी काही गोष्टी हाताने तपासाव्यात. स्टँड पूर्ण ताणून त्याचे टोक हलवून पाहावे. पाय उघडल्यावर त्यांना जोडणाऱ्या पट्ट्या जमिनीला जवळपास समांतर येईपर्यंत ते पसरतात का, हे पाहावे, कारण पाय अर्धवट उघडणे हे स्टँड पडण्याचे नेहमीचे कारण आहे. आत हवेची गादी असलेला स्टँड खिट्टी सैल झाली तरी हळू खाली येतो आणि फ्लॅश वाचतो. घाटाच्या पायऱ्यांसाठी एक पाय लांब-आखूड होणारा स्टँड मिळाला तर उत्तम. स्टँडच्या टोकाची खुंटी बहुधा १६ मिलिमीटरची असते, पण छत्रीच्या दांड्या वेगवेगळ्या जाडीच्या येतात. म्हणून छत्री आणि तिचा जोड एकमेकांत बसवूनच विकत घ्यावेत. प्लॅस्टिकचा जोड मोठ्या छत्रीच्या वजनाने मान टाकतो. धातूचा घ्यावा.

स्टँड लावण्याची जागाही विचारून ठरवावी. भोपाळच्या परिसरातील सांची आणि भीमबेटका ही जागतिक वारसास्थळे, तसेच जुन्या गोव्यातील चर्चवास्तू पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत. अशा ठिकाणी स्टँड आणि दिवे उभारण्यापूर्वी परवानगी घेतलेली बरी. परवानगी नसेल तर छत्रीचा नाद सोडून सकाळ-संध्याकाळच्या उजेडावर काम करावे.

तलावाचे गणित समुद्राकाठी

भोपाळचे हे सारे गणित मिरामार किंवा मोरजीच्या वाळूतही जसेच्या तसे लागू पडते. उलट, तिथे त्यात भर पडते. दुपारनंतर वारा समुद्राकडून जमिनीकडे वाहतो. मावळता सूर्यही समुद्राकडेच असतो. म्हणजे जोडप्याची पाठ समुद्राकडे आणि छत्रीची उघडी बाजूही त्याच दिशेला, थेट वाऱ्याच्या तोंडावर. छत्री थोडी तिरकी फिरवली तर वाऱ्याचा जोर कमी होतो. वाळूत स्टँडचे पाय असमान रुततात, म्हणून प्रत्येक पायाखाली लाकडी फळीचा तुकडा ठेवावा. खाऱ्या हवेत खिट्ट्या गंजतात. घरी परतल्यावर स्टँड गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसून, सुकवून मगच मिटावा.

पहिल्यांदा साहित्य घेणाऱ्याने ४३ ते ४५ इंची, काळे आवरण काढता येणारी पांढरी छत्री, आठ फुटी मध्यम जाडीचा स्टँड, धातूचा जोड आणि वाळूची एक पिशवी एवढेच घ्यावे. ६० इंची छत्री समूहचित्रांची कामे येऊ लागल्यावर घ्यावी, आणि तिच्यासोबत दुसरा, अधिक वजनदार स्टँड. अंदाजपत्रक तोकडे पडत असेल तर छत्री स्वस्तातली चालेल. तिचे कापड फाटले तर बदलता येते. काटकसर स्टँडमध्ये मात्र करू नये.