डोकं आधी, सूत्र नंतर (भाग 9) : मधला 45 येतो कुठून?

मागच्या आठवड्यात जाता जाता एक कोडं टाकलं होतं. भंडाऱ्याहून नागपूरला ताशी 30 किलोमीटरने गेलो, त्याच रस्त्याने ताशी 60ने परत आलो. सरासरी वेग किती?

अभ्यासिकेत पोलीस भरतीचा अभ्यास करणाऱ्या पोरांना हेच विचारलं, तर वाक्य पुरं व्हायच्या आत "पंचेचाळीस!" म्हणून मोकळे. तीस अधिक साठ, भागिले दोन. मी म्हटलं, बाबांनो, घड्याळ लावा. अंतर सोयीसाठी पुरं 60 किलोमीटर धरू. जायला 2 तास, यायला 1 तास. 120 किलोमीटरला 3 तास, म्हणजे ताशी 40. तीसचा वेग दोन तास राबला आणि साठचा एकच तास, मग दोघांना सारखा भाव कसा द्यायचा?

आता त्याच्या पुढचं. जाताना तीसनेच गेलो, पण येऊन-जाऊन सरासरी 60 पडायला हवी, तर परतीचा वेग किती ठेवायचा? पोरं 90 म्हणतात, मग 120, एखादा हिंमतवान 200. अहो, 120 किलोमीटर ताशी साठच्या सरासरीने कापायचे तर हाती दोनच तास, आणि ते जातानाच संपले. परतीला विमान आणलं तरी जमणार नाही.

वेग-अंतराच्या बहुतेक कोड्यांत खरी गोष्ट वेळेची असते, फक्त ती तोंड लपवून बसलेली असते. क्लासवाले वेग, अंतर, वेळ असा त्रिकोण काढून देतात. मला तो त्रिकोण फारसा आवडत नाही. त्याने पोरं बोटाने अक्षर झाकायला शिकतात, विचार करायला नाही.

वेळ उघड्यावर बघायची असेल तर वरठीला, म्हणजे भंडारा रोड स्टेशनवर, नागपूरची गाडी पकडा आणि खिडकीजवळ बसा. रुळाच्या कडेला विजेच्या तारांचे खांब असतात. त्यांच्या पाटीवरचा वरचा आकडा किलोमीटरचा. तो बदलला की मोजायला लागा, पुन्हा बदलला की थांबा. 45 सेकंद लागले? तासाचे 3600 सेकंद, भागिले 45 : गाडी ताशी 80ने चालली आहे. शेजारचा माणूस आधी हसतो, मग स्वतःच मोबाइलचं घड्याळ काढतो.

पुलाच्या गणितात पोरं वेगळ्याच ठिकाणी फसतात. समजा, पूल 400 मीटरचा, गाडी 600 मीटरची (आजची 24 डब्यांची गाडी साधारण तेवढी भरते), वेग ताशी 72, म्हणजे सेकंदाला 20 मीटर. 400 भागिले 20, उत्तर 20 सेकंद? तेवढ्या वेळात फक्त इंजिनाने पूल ओलांडला. मागचे काही डबे अजून पुलावरच आहेत, काही तर पुलावर चढायचेच आहेत. शेवटचा डबा बाहेर पडेपर्यंत इंजिनाला 1000 मीटर जावं लागतं. लागले 50 सेकंद.

या खेळाला आपल्याकडे जुनं घराणं आहे. भास्कराचार्यांनी 1150 साली रचलेल्या 'लीलावती'त मोर आणि सापाचं कोडं आहे. 9 हात उंच खांबावर मोर, खांबाच्या बुडाशी सापाचं बीळ. 27 हातांवरून साप बिळाकडे निघालाय. मोर तिरपी झेप घेतो, दोघांचा वेग सारखा. गाठ बिळापासून किती हातांवर पडेल? वेगाचा आकडा दिलेलाच नाही, आणि लागतही नाही. वेळ एक, वेग एक, म्हणजे दोघांनी कापलेलं अंतरही एकच. म्हणजे बिळापासूनचं अंतर आणि मोराची झेप मिळून 27 हात भरायला हवेत. 9 आणि 12 बाजूंच्या काटकोन त्रिकोणाचा कर्ण 15, आणि 12 अधिक 15 बरोबर 27. साप 27 मधून 15 हात आला, बीळ 12 हातांवर राहिलं. मोराची झेपही 15ची.

आता पुढच्या शनिवारसाठी. वैनगंगेवरच्या कारध्याच्या पुलाखालून एक ढिवर प्रवाहाविरुद्ध डोंगा वल्हवत निघाला. (गोसीखुर्द धरणाच्या फुगवट्याने इथलं पाणी पार संथ झालंय, पण कोड्यापुरती जुनी वाहती वैनगंगा धरा.) बरोबर पुलाखालीच त्याचा रिकामा तुंबा पाण्यात पडला. 10 मिनिटांनी लक्षात आलं, तसा तो वळला आणि त्याच जोराने वल्हवत मागे आला. तुंबा सापडला तो पुलाच्या 1 किलोमीटर खाली. प्रवाहाचा वेग किती?

डोंग्याचा वेग दिलेला नाही, विसरलेलो नाही. कागद-पेन घेण्याआधी काठावरून उठा आणि घटकाभर त्या तुंब्यावर बसून डोंग्याकडे बघा.