तारांची बोली – भाग ७ : तोंड निराळे, बोली एकच

नगरमधल्या दुचाकींच्या गॅरेजात हल्ली पान्यांच्या पेटीशेजारी एक पिशवी लटकलेली असते. आत वीत-दीड वीत लांबीच्या तारांचा गुंता. प्रत्येक तारेचे एक टोक स्कॅनरला बसणारे, दुसरे मात्र निराळे: कुणाला चार पिना, कुणाला सहा. गाडी आली की मिस्त्री आधी सॉकेट पाहतो, मग पिशवीत हात घालतो.

१९७२ साली आलेल्या लुनाला मिस्त्रीच्या कानाखेरीज दुसरा स्कॅनर लागत नसे. तिचीच विजेवरची नात, ई-लुना, फेब्रुवारी २०२४मध्ये बाजारात आली. बॅटरीत अजून किती किलोमीटरची धाव शिल्लक आहे, हे ती चालवणाऱ्याला सांगते. त्यामागे आहे मागच्या भागात ओळख झालेली ‘कॅन’ बस. जर्मनीच्या बॉश कंपनीने १९८६ साली मोटारींसाठी ती जगापुढे मांडली. एकमेकींभोवती पीळ दिलेल्या दोन तारा आणि त्यांतल्या व्होल्टेजच्या फरकावर चालणारा संवाद, एवढाच तिचा गाभा. बाहेरचा विद्युत गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच आदळतो, त्यामुळे फरक तसाच राहतो आणि संदेश शाबूत पोचतो. हा गोंगाट वाहनात किती उठतो आणि वाहन तो किती सोसते, याच्या चाचण्या नगरच्याच व्हीआरडीई या संरक्षण संशोधन संस्थेत होतात.

हीच बस समुद्रावरही गेली. अमेरिकेतल्या नॅशनल मरीन इलेक्ट्रॉनिक्स असोसिएशनने १९८३ साली नावेवरच्या उपकरणांसाठी ‘एनएमईए ०१८३’ हे मानक आणले होते. त्यात एक बोलणार आणि बाकीचे ऐकणार, तेही सेकंदाला ४८०० बिटांच्या संथ चालीने. २००१च्या सुमारास आलेल्या ‘एनएमईए २०००’ने कॅनचा पाया घेतला. वेग अडीच लाख बिटांवर गेला आणि एकाच मुख्य तारेवर ५० उपकरणे बसू लागली. गंमत म्हणजे ही बोली पुन्हा जमिनीवरही परतली आहे. ‘आयसोबस’ प्रणालीच्या ट्रॅक्टरवरचा जीपीएस आपले स्थान एनएमईए २०००च्याच संदेशांत कळवतो.

मग नावेवर अडते कुठे? प्लगाच्या तोंडाशी.

नाव एकदम सजत नाही. खोली मोजणारा साउंडर एका वर्षी येतो, नकाशाचा प्लॉटर दुसऱ्या वर्षी, ऑटोपायलट त्यानंतर. आणि दर वेळी ब्रँड तोच असतो असे नाही. गार्मिन आणि फुरुनो ‘मायक्रो-सी’ हा पाच पिनांचा गोल, आट्यांचा कनेक्टर वापरतात. सिमरॅडचे जुने ‘सिमनेट’ पिवळ्या छोट्या प्लगाचे. रेमरीनच्या ‘सीटॉक-एनजी’चा साचा तिसराच. आतले विद्युत संकेत मात्र तिन्हींत एकच. म्हणून इथे अ‍ॅडॅप्टर केबल पुरते. तिच्यात कोणतीही चिप नसते. वीज, जमीन, संदेशाच्या दोन तारा आणि आवरण, ही पाच टोके ती योग्य पिनांपर्यंत नेते, बस.

पण तार साधी म्हणून हिशेब सुटत नाही. मुख्य तारेपासून उपकरणापर्यंतची फांदी ६ मीटरपेक्षा लांब चालत नाही आणि अ‍ॅडॅप्टरची लांबीही त्यातच धरावी लागते. मुख्य तारेच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोध हवा, नाहीतर संकेत टोकावर आपटून माघारी येतो आणि पुढच्या संदेशात मिसळतो. वीज बंद करून संदेशाच्या दोन तारांवर मीटर लावले, तर समांतर जोडलेल्या या दोन रोधांचे ६० ओहम दिसले पाहिजेत. सिमनेटच्या काही वीजतारांत हा रोध आतच दडलेला असतो. तशी तार अ‍ॅडॅप्टरने मायक्रो-सीच्या जाळ्यात आली की नकळत तिसरा रोध जोडला जातो आणि मीटर ४० दाखवते. उपकरणे कधी दिसतात, कधी गायब होतात. दोष मात्र नव्या प्लॉटरच्या माथी जातो.

रेमरीनच्या जुन्या ‘सीटॉक’पाशी तर केबलचे काहीच चालत नाही. तिथे संदेश एकाच तारेवरून, ४८०० बिटांच्या वेगाने जातो. नावात सीटॉक असले तरी सीटॉक-एनजीशी तिची बोली जुळत नाही. दोघींच्या मधे दुभाषी लागतो: एकीकडचे ऐकून, समजून, दुसरीकडे नव्याने बोलणारी कन्व्हर्टरची डबी. नुसते प्लग जुळवून ही अडचण सुटत नाही.

बोली जुळली तरी काही गोष्टी घरातल्या घरातच राहतात. खोली, वेग, स्थान, इंजिनाचे फेरे यांचे संदेश क्रमांकासह ठरलेले आहेत. पाण्याच्या खोलीचा क्रमांक १२८२६७. एका ब्रँडने पाठवलेली खोली दुसऱ्याच्या पडद्यावर म्हणूनच बिनचूक उमटते. त्याच मानकाने कंपन्यांना खासगी संदेशांचीही मुभा दिली आहे. त्यामुळे एका प्लॉटरचा उजेड रात्री मंद केला, तरी शेजारचा परक्या ब्रँडचा पडदा पूर्वीसारखाच लखलखत राहू शकतो.

(पुढील भागात : मुख्य तारेला वीज टोकाला द्यावी की मध्यावर, आणि शेवटच्या उपकरणापर्यंत १२ व्होल्टचे किती उरतात?)