वाट कोठे अडली?

बटण दाबूनही दिवा लागला नाही, तर जाणता मनुष्य लगेच दिवा उतरवीत नाही. शेजारच्या खोलीतील दिवा लागतो की नाही, हे तो आधी पाहतो. तो लागला, तर घरात वीज आहे आणि दोष या एकाच दिव्याच्या वाटेवर आहे, हे तत्काळ कळते. गेम कन्सोल घरच्या वाय-फायला जोडला जात नाही, तेव्हा मात्र हे शहाणपण पुष्कळांना आठवत नाही. भराभर दहा बटणे दाबली जातात आणि मूळचा एक दोष असला, तर त्याचे तीन होतात.

कन्सोल आणि खेळाचा सर्व्हर यांच्यामधील वाटेचे तीन टप्पे असतात. पहिला कन्सोलपासून घरातील राउटरपर्यंतचा. तो हवेतून जातो. दुसरा राउटरपासून इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीपर्यंतचा; तो बहुधा तारेचा असतो. तिसरा तेथून सर्व्हरपर्यंतचा, आणि हा सर्व्हर कित्येकदा परदेशात असतो. यांपैकी कोणता टप्पा बंद आहे, एवढेच प्रथम ओळखावयाचे असते.

त्यासाठी त्याच वाय-फायवर एक मोबाईल लावून पाहावा. त्याचा मोबाईल डेटा आधी बंद करावा. नाहीतर तो गुपचूप दुसऱ्याच वाटेने जाऊन येतो आणि पाहणाऱ्याची फसगत होते. मोबाईलवरही काही उघडले नाही, तर कन्सोलला बोल लावण्यात अर्थ नाही. मग राउटर बंद करून अर्ध्या मिनिटाने पुन्हा चालू करावा. हा काही तोडगा किंवा मंत्र नव्हे. राउटर घरातील प्रत्येक यंत्राला एक तात्पुरता क्रमांक देतो. या वाटपात कधी गोंधळ होतो. बंद करून चालू केल्याने हिशेब नव्याने मांडला जातो. मात्र राउटरच्या मागील बारीक छिद्रातले बटण टाचणीने दाबण्याचा मोह टाळावा. त्याने राउटरमध्ये भरलेली सारी माहिती पुसली जाते, आणि खेळ तर नाहीच, पण घरातल्या मोठ्या माणसांचे कामही बंद पडते.

मोबाईल चालतो, परंतु कन्सोलच्या यादीत वाय-फायचे नावच दिसत नाही, असेही घडते. याचे कारण लहरींत असते. राउटर बहुधा दोन प्रकारच्या लहरींवर बोलतो. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर, तर ५ गिगाहर्ट्झच्या लहरीची सुमारे सहा सेंटिमीटर असते. २०१३ साली निघालेल्या पहिल्या प्लेस्टेशन ४ ला केवळ २.४ गिगाहर्ट्झच्याच लहरी ऐकू येतात. राउटर फक्त दुसऱ्या लहरींवर बोलत असेल, तर त्याची हाक या यंत्राच्या कानांपर्यंत पोहोचतच नाही. राउटरवर २.४ गिगाहर्ट्झ चालू करताच नाव दिसू लागते.

नाव दिसते, पण खेळ अडखळतो, तेव्हा हवेकडेच पाहावे. टीव्हीच्या मागे, लोखंडी कपाटाशेजारी किंवा माशांच्या पेटीमागे ठेवलेल्या कन्सोलला लहरी क्षीण होऊन मिळतात. धातू त्यांना परतवितो, पाणी शोषून घेते. स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्ह ओव्हनही सुमारे २.४५ गिगाहर्ट्झवरच चालतो. त्यातून निसटणाऱ्या किंचितशा लहरी वाय-फायला अडथळा आणतात; आमटी गरम होईपर्यंत खेळ थबकतो! शिवाय २.४ गिगाहर्ट्झचा हा पट्टा कमी शक्तीच्या यंत्रांना भारतात २००५ पासून परवान्यावाचून मोकळा आहे. त्यामुळे मुंबई-पुण्याच्या दाट वस्तीत शेजाऱ्यापाजाऱ्यांचे सारे राउटर येथेच बोलतात. या पट्ट्यात १३ वाटा आहेत. पण त्या एकमेकींवर चढलेल्या असतात. १, ६ आणि ११ या तीन तेवढ्या परस्परांपासून सुट्या राहतात.

दोष खरोखर हवेतच आहे का, हे ताडण्यास लॅन केबलसारखा उपाय नाही. कन्सोलला केबल जोडण्याची सोय असेल, तर तो तिने थेट राउटरला जोडावा. खेळ सुरळीत चालला, तर शंका उरत नाही. मग कन्सोलची जागा बदलावी. तेवढ्याने भागले नाही, तर राउटरची वाट बदलावी. दोन्ही एकदम बदलल्यास उपाय कशाने झाला, हे कधीच कळत नाही.

केबलनेही काही साधले नाही आणि मोबाईल मात्र सुरळीत चालत आहे, तर तिसऱ्या टप्प्याकडे वळावे. निन्टेन्डो कंपनीने डीएस आणि वी या आपल्या यंत्रांसाठी चालविलेली जुनी ऑनलाइन सेवा २० मे २०१४ रोजी बंद केली. त्यानंतर ही यंत्रे धडधाकट होती, घरोघरचे राउटरही चालू होते. पलीकडे उत्तर देणारे मात्र कोणी उरले नव्हते. सेवा थोडा वेळ बंद असेल किंवा कायमची थांबविली असेल, तर तशी सूचना कंपनी आपल्या संकेतस्थळावर देते. ती मोबाईलवर एका मिनिटात वाचता येते.