डावीकडे, उजवीकडे... की वर-खाली?

दोस्तांनो, वही आणि पट्टी घ्या. एक आडवी रेघ मारा. डाव्या टोकाला लिहा धुळे, उजव्या टोकाला जळगाव. आता या रेघेवर अमळनेर दाखवा बघू! सोपं आहे. धुळ्याच्या पूर्वेला, जळगावच्या पश्चिमेला. आता चाळीसगाव दाखवा. अरेच्चा! तेही जवळजवळ त्याच ठिकाणी आलं. म्हणजे अमळनेर आणि चाळीसगाव शेजारी-शेजारी? चाळीसगावकरांनी ऐकलं तर पोट धरून हसतील. अमळनेर उत्तरेला, तापीच्या बाजूला; चाळीसगाव पार दक्षिणेला, पाटणादेवीच्या डोंगरांकडे. चूक गावांची नाही, रेघेची. उत्तर-दक्षिण दाखवायला तिच्यात जागाच नाही.

माणसांच्या राजकीय मतांचंही असंच होतं, बरं का! 'हे डावे', 'ते उजवे' असे शब्द तुम्ही निवडणुकीच्या दिवसांत पेपरात वाचले असतील, मोठ्यांच्या गप्पांत ऐकले असतील. हे शब्द आले फ्रान्समधून. १७८९ साली तिथे राज्यक्रांती झाली. राष्ट्रसभेत वाद पेटला, की सभेने केलेला कायदा अडवण्याचा अधिकार राजाला असावा का? राजाच्या बाजूचे सभासद अध्यक्षांच्या उजव्या हाताला बसले, विरोधक डाव्या हाताला. बसण्याच्या जागांवरून जगाला दोन शब्द मिळाले! पुढे संपत्तीची समान वाटणी व्हावी म्हणणारे ते डावे आणि खासगी मालकी व जुनी घडी जपावी म्हणणारे ते उजवे, असा ढोबळ अर्थ रूढ झाला.

पण ही एक रेघ पुरते का? आपल्या खानदेशातच तपासून पाहू.

डिसेंबर १९३६. आजच्या जळगाव जिल्ह्यातलं फैजपूर. काँग्रेसचं खेड्यात भरलेलं हे पहिलं अधिवेशन. प्रसिद्ध चित्रकार नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या साध्या गावठी वस्तूंनी अधिवेशनाचं नगर सजवलं होतं. साने गुरुजी त्याच्या प्रचारासाठी गावोगाव हिंडले होते. अध्यक्ष होते जवाहरलाल नेहरू, आणि गांधीजीही आले होते. दोघांना स्वराज्य हवं होतं, दोघांना गरिबी घालवायची होती. पण कशी?

नेहरूंना वाटे, समाजवाद हाच उपाय. मोठे कारखाने उभारावेत, साऱ्या देशाची मिळून एक योजना आखावी. गांधीजी म्हणत, चरखा आणि ग्रामोद्योग वाढवा, खेडं आपल्या पायांवर उभं राहू द्या. धनिकाचं धन हिसकावू नका. त्याने स्वतःला मालक न समजता विश्वस्त समजावं.

आता सांगा, गांधीजी डावे की उजवे? अडलात ना? मग मघाच्यासारखीच दुसरी, उभी रेघ मारू. गणिताच्या तासाला आलेख काढता ना, अगदी तस्साच. आडव्या रेघेचा प्रश्न : जमीन, कारखाने, संपत्ती कोणाची? डावीकडे 'सगळ्या समाजाची', उजवीकडे 'ज्याची त्याची'. उभ्या रेघेचा प्रश्न : कारभार कोणी ठरवायचा? वर 'मध्यवर्ती सरकारने', खाली 'गावाने, लोकांनी स्वतः'.

नेहरू डावीकडे आणि थोडे वर येतील. फार वर नाही हं, कारण लोकशाहीवर त्यांची पक्की श्रद्धा होती. गांधीजी मध्याजवळ, पण बरेच खाली. आणि विनोबा भावे? १९५१ साली त्यांनी भूदान चळवळ सुरू केली. हवा-पाण्यासारखी जमीनही सर्वांची, असं ते मानत. म्हणजे डावीकडे! पण ती कायद्याच्या बळाने नको, प्रेमाने मिळावी, आणि सरकारची गरजच हळूहळू कमी व्हावी, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे अगदी तळाशी! एका रेघेवर नेहरू आणि विनोबा जवळ दिसतात. नकाशावर मात्र एक वर, एक खाली. आठवलं का अमळनेर-चाळीसगाव?

हेच विनोबा १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात होते. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी ते गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते उतरवून घेत. त्याचंच पुढे 'गीता प्रवचने' हे पुस्तक झालं. गुरुजी देवाचे भक्त, आणि समाजवादीही! शेतकऱ्यांसाठी, गिरणी कामगारांसाठी ते झटले. मे १९४७ मध्ये पंढरपूरच्या विठ्ठलाचं मंदिर अस्पृश्य मानलेल्या बांधवांना खुलं व्हावं म्हणून त्यांनी दहा दिवस उपोषण केलं. 'धार्मिक म्हणजे जुन्याला चिकटणारा' असं समजणाऱ्यांनी त्यांना कुठे बसवायचं? त्यांच्यासाठी तिसरी रेघ लागेल : रूढी जपायच्या की मोडायच्या?

ही युक्ती अभ्यासकांनीही वापरली आहे. हान्स आयसेंक या मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली इंग्लंडमध्ये राजकीय मतांचा दोन रेघांचा नकाशा मांडला. अमेरिकेत डेव्हिड नोलन यांनी १९६९च्या सुमारास दुसरा काढला. दोघांनी विचारलेले प्रश्न वेगळे, म्हणून नकाशेही वेगळे. तेव्हा कोणताही नकाशा बघताना आधी विचारावं, रेघा कोणी मारल्या आणि कोणत्या प्रश्नांच्या? शिवाय गाव जागचं हलत नाही, पण माणूस विचार करतो आणि हलतो!

एवढा खटाटोप कशाला, असं म्हणाल. अहो, एकदा का एखाद्याला 'तो तसलाच' म्हणून चिठ्ठी चिकटवली, की आपण त्याचं ऐकणंच बंद करतो. मित्रांत अबोला येतो, घरात ताटावर वाद होतात. फैजपूरच्या मांडवात नेहरू आणि गांधीजी मतभेदांसकट एकत्र होते, कारण दोघांनी एकमेकांचं म्हणणं पुरतं ऐकलं होतं.

म्हणून आज रात्री जेवताना आई-बाबांना, आजी-आजोबांना विचारा. 'तुम्ही कोणाला मत देता?' हे नको, ते गुपितच असू द्या. विचारा, 'आपल्या गावच्या पाण्याचं कोणी ठरवावं, गावाने की सरकारने? कारखाना कोणाच्या मालकीचा असावा? कुठली जुनी रीत ठेवावी, कुठली सोडावी?' प्रत्येकाचा ठिपका नकाशावर मांडा. तुमचाही! आणि तारीख घालून वही जपून ठेवा. पाच वर्षांनी उघडाल तेव्हा ठिपके कुठे सरकलेत ते पाहायला मोठी गंमत येईल.