वजू, वसवसा आणि मंत्रचळ

नमाजापूर्वी हात, तोंड, पाय धुतात, त्याला वजू म्हणतात. चार-पाच मिनिटांचे काम. पण काहींचे ते संपतच नाही. कोपर कोरडे राहिले का, अशी शंका येते आणि नळ पुन्हा उघडतो. नमाजाला उभे राहिले की वजू तुटल्यासारखे वाटते. रमजानमध्ये तरावीहची जादा नमाज असते, तेव्हा हा त्रास आणखी जाणवतो. आमच्याकडे याला ‘वसवसा’ म्हणतात. मराठीत ‘मंत्रचळ’ हा नेमका शब्द आहे. सोवळ्यापायी दिवसभर हात धुणारी एखादी आजी वाचकांना आठवेल. दुखणे तेच.

असा एखादा तरुण लंडनमध्ये किंवा शिकागोत राहतो, असे समजा. आपल्या कोकणातून तिकडे गेलेली मुस्लिम घरेही आहेतच. तिथल्या समुपदेशकाला मंत्रचळावरचा इलाज पक्का ठाऊक असतो: शंका येऊ द्यायची, पण पुन्हा धुवायचे नाही. मात्र वजू म्हणजे काय हे समजावण्यातच पहिली भेट संपते. त्यात ‘काही दिवस नमाज सोडून बघा’ असा सल्ला मिळाला, तर तो पुन्हा तिकडे फिरकत नाही. मशिदीत गेला तर इमामसाहेब म्हणतात, हा सैतानाचा वसवसा आहे, दुआ पढ. दोघांचा हेतू चांगला, आजार मात्र जागच्या जागी.

श्रद्धेची जाण ठेवून केलेले समुपदेशन या दोन दारांच्या मध्ये उभे असते. इलाज तोच, आधार फिक्हचा, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्राचा. त्यात जुना नियम आहे की खात्री शंकेने रद्द होत नाही. वजू केल्याची खात्री असेल, तर तो तुटल्याच्या नुसत्या शंकेने तुटत नाही. म्हणून एकदाच धुवायचे आणि शंकेसकट नमाज पुरी करायची. हे इमामाच्या तोंडून ऐकले की तरुणाला धीर येतो, आणि समुपदेशकाचे काम सोपे होते. शिकागोत 2010 साली सुरू झालेले खलील सेंटर असेच धर्मशास्त्र आणि मानसशास्त्र यांची सांगड घालते. यात नवलाचे काही नाही. अबू झैद अल-बल्खी (मृत्यू 934) यांनी आपल्या ग्रंथात शरीराच्या आरोग्यासोबत मनाच्या दुखण्यांचाही विचार केला आणि पिच्छा न सोडणाऱ्या विचारांवर वेगळे लिहिले.

धोकाही आहे. समुपदेशक मौलवी होऊन बसला की संपले. ब्रिटनमध्ये लीड्स विद्यापीठाने नैराश्याच्या मुस्लिम रुग्णांसाठी उपचारपद्धत तयार केली. तिच्यात आधी रुग्णालाच विचारतात, धर्म तुमच्यासाठी किती महत्त्वाचा? ज्याला नको, त्याच्यावर लादत नाहीत. मला हा प्रश्न सर्वांत मोलाचा वाटतो.

रोजाचा प्रश्न तर जीवावर बेतू शकतो. ब्रिटनमध्ये उन्हाळ्यात रोजा सतरा-अठरा तासांचा होतो. लिथियम घेणाऱ्याच्या शरीरात पाणी कमी पडले, तर रक्तातले औषध धोक्याच्या पातळीवर जाऊ शकते. कुरआनने आजाऱ्याला रोजातून सूट दिली आहे. तो नंतर भरून काढावा, आणि आजार कायमचा असेल तर गरिबाला जेवू घालावे. तरीही माणसे डॉक्टरला न सांगता गोळ्यांच्या वेळा बदलतात, कारण ‘रोजा सोडा’ एवढेच ऐकायला मिळेल अशी धास्ती असते. जाणता समुपदेशक हा विषय चंद्र दिसण्याआधीच काढतो.

आणि लोक काय म्हणतील, ही भीती तिकडेही सुटत नाही. आपल्याच समाजातला समुपदेशक म्हणजे अम्मीच्या ओळखीचा निघायचा! लंडनमध्ये 2001 साली मोहम्मद ममदानी या तरुणाने मुस्लिम यूथ हेल्पलाइन सुरू केली. तिथे प्रशिक्षण घेतलेले तरुण स्वयंसेवक फोन घेतात, आणि फोन करणाऱ्याला आपले नाव सांगावे लागत नाही.