एका वाड्यातील दोन राउटर

ग्वाल्हेरचे लष्कर हे दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून वाढलेले शहर. येथील जुन्या मराठी घरांच्या भिंती दगडी, आणि चांगल्या दीड-दीड हात जाडीच्या. मे महिन्यात त्या भिंतींना दुवा द्यावा. परंतु वाय-फायच्या लहरींशी त्यांचे मुळीच जमत नाही. माझ्या थोरल्या बहिणीच्या वाड्यात गेल्या वर्षी जे रामायण घडले, त्याचे मूळ या भिंतीत होते.

बहिणीचे दोन मुलगे, दोघेही संसारी. थोरला खाली राहतो, धाकटा माडीवर. चुली दोन, पण अंगण एक, विजेचा मीटर एक आणि इंटरनेटचे कनेक्शनही एकच. त्याचे बिल दोघे निम्मे निम्मे भरीत. कंपनीने दिलेला राउटर खालच्या बैठकीत. माडीवर त्याचा जोर पोहोचेना, म्हणून धाकट्याने स्वतःच्या खर्चाने दुसरा राउटर आणला, आणि दुकानदाराच्या पोराकडून खालून वर केबल ओढून घेतली. येथवर सर्व रीतसर झाले.

त्यानंतर महिन्याभरातच तक्रारी सुरू झाल्या. खाली कोणाचा तरी फोन वाय-फाय लागल्याचे दाखवी, पण त्यात काही उघडत नसे. शेजारच्याच खुर्चीवरचा दुसरा फोन मात्र सुरळीत. काल चाललेला आज बंद, आज बंद असलेला उद्या चालू. थोरल्याने एक गोष्ट हेरली: माडीवरचा राउटर बंद असला की खाली सर्व ठीक चालते. यावरून त्याने निष्कर्ष काढला की, धाकटा सगळे इंटरनेट वर ओढून घेतो. निरीक्षण अगदी खरे होते, निष्कर्ष तेवढा चुकला. धाकट्याचे म्हणणे, आमच्याकडेही अधूनमधून बंद पडते, तेव्हा दोष खालच्या खोक्याचा.

हे सारे हसण्यावारी गेले असते. पण थोरल्याच्या मुलाची नोकरीची मुलाखत लॅपटॉपवरून व्हायची होती. नेमक्या वेळी लॅपटॉप जोडला गेला आणि पडदा कोराच राहिला. धावपळ करून, मोबाइलच्या डेटावर तो बिचारा वीस मिनिटे उशिरा हजर झाला. त्या रात्री दोन्ही भाऊ जिन्यात उभे राहून जे बोलले, ते बहिणीने मला फोनवर सांगितले नाही, एवढेच म्हणाली, "भाऊ, तू ये. आधी कनेक्शन वेगळे म्हणतात, आता मीटरही वेगळा म्हणू लागलेत."

माझी उभी नोकरी टेलिफोनच्या तारांत गेली. त्या नोकरीने एक सवय लावली: काही उपटण्यापूर्वी लिहून काढावे. मी गेलो, चहा घेतला, आणि कोणत्याही यंत्राला हात न लावता घरातील प्रत्येक फोन, लॅपटॉप व टीव्ही यांना मिळालेला आयपी पत्ता एका वहीच्या पानावर मांडला. हा पत्ता प्रत्येक यंत्राच्या वाय-फायच्या सेटिंगमध्ये दिसतो. पाऊण तास गेला. नातवंडांना मोठी गंमत वाटली. पान भरले तेव्हा उत्तर समोर होते. जी यंत्रे चालत होती, त्यांचे पत्ते १९२.१६८.१ ने सुरू होत होते. जी अडली होती, ती खालची असोत वा वरची, त्यांचे १९२.१६८.० ने. दोन्ही राउटर उलटे करून पाहिले. बुडाला चिकटविलेल्या कागदावर खालच्याचा पत्ता १९२.१६८.१.१ छापलेला, वरच्याचा १९२.१६८.०.१.

येथे थोडा खुलासा हवा. इंटरनेटच्या जुन्या पद्धतीत एकंदर पत्ते सुमारे ४३० कोटी. जगातील यंत्रांना ते पुरणार नाहीत हे लवकरच ध्यानात आले. म्हणून घरगुती वापरासाठी काही पत्ते राखून ठेवण्याचा नियम १९९६ साली पक्का झाला, १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते त्यांतलेच. ग्वाल्हेरच्या घरात जो १९२.१६८.१.१ आहे तोच बेळगावच्या घरात असू शकतो, आणि कोणाचे बिघडत नाही, कारण हे पत्ते उंबरठ्याबाहेर जातच नाहीत. घरात शिरणारा प्रत्येक फोन प्रथम मोठ्याने पुकारतो, "मला पत्ता द्या." राउटर त्यास पत्ता देतो, आणि बाहेर जाण्याचे दार कोणते हेही सांगतो. या वाटपाच्या व्यवस्थेला डीएचसीपी म्हणतात. एका घरात हे काम एकानेच करावयाचे असते. पंगतीत दोन यजमान आपापल्या परीने पाहुण्यांना पाटावर बसवू लागले तर जे होईल, तेच या वाड्यात चालले होते. ज्याचे उत्तर आधी येईल त्याचा पत्ता फोन घेई. खालच्या राउटरचे दार खरे. वरचा राउटर "दार माझ्याकडे" म्हणे, पण त्याचे दार भिंतीवर रंगविलेले. फोन तेथे डोके आपटून परत येई.

दोष नेमका कोठे झाला, तेही धाकट्याच्या बोलण्यातून उलगडले. दुकानदाराच्या पोराने प्रथम केबल वरच्या राउटरच्या वॅन पोर्टात घातली होती. त्या जोडणीत इंटरनेट चाले, कारण वरचा राउटर स्वतःचे वेगळे बिऱ्हाड करतो आणि खालच्याचा केवळ गिऱ्हाईक होऊन राहतो. परंतु मग वरच्या लॅपटॉपना खालचा प्रिंटर आपण होऊन सापडेना. धाकट्याने तक्रार करताच पोराने केबल काढून शेजारच्या लॅन पोर्टात घातली. प्रिंटर दिसला, पोरगा पैसे घेऊन गेला. लॅनमधून जोडल्याने दोन्ही मजले एकच घर झाले हे बरोबर. पण वरच्याचे पत्तेवाटप चालूच राहिले.

खात्री करण्यासाठी केबल उपटली. खालच्या अडलेल्या फोनांचे वाय-फाय बंद करून पुन्हा लावले, तो सर्व चालू. केबल परत लावून पाच-सात वेळा तेच केले. दोन फोन पुन्हा रंगविलेल्या दाराशी गेले. थोरला हे सर्व उभे राहून पाहत होता. म्हणाला काही नाही.

दुरुस्तीस वीस मिनिटे पुरली. वरचा राउटर खालच्यापासून सोडवून लॅपटॉप केबलने थेट त्याला जोडला. प्रथम त्याचा पत्ता बदलून १९२.१६८.१.२ केला, राउटर पुन्हा सुरू झाल्यावर नव्या पत्त्यावर जाऊन डीएचसीपी बंद केले. हा क्रम पाळावा. उलटे केल्यास लॅपटॉपला पत्ता देणारे कोणी उरत नाही आणि नवखा माणूस गोंधळतो. मग खालच्या राउटरमध्ये वाटपाची सुरुवात १०० पासून ठेवली, म्हणजे २ हा आकडा चुकून दुसऱ्या कोणास दिला जाणार नाही. शेवटी केबल लॅनमधून लॅनमध्ये. पुष्कळ नव्या राउटरांत अॅक्सेस पॉइंट नावाची एक निवड असते, ती केली की हे सारे आपोआप होते. या राउटरात ती नव्हती. एक इशारा मात्र द्यावासा वाटतो: दोन राउटरांमध्ये एकच केबल असावी. जास्त जोर मिळेल म्हणून कोणी दुसरी जोडली तर संदेश गोल गोल फिरत राहतात आणि सबंध घर ठप्प होते.

जाता जाता दोन्हींचे वाय-फाय चॅनेल वेगळे केले, खाली १ आणि वर ११, म्हणजे ते एकमेकांच्या बोलण्यात बोलणार नाहीत. नाव आणि पासवर्ड मात्र एकच ठेवले. बहिणीने खाली सुरू केलेले कीर्तन जिना चढताना तुटत नाही.

थोरल्या सुनेने विचारले, "मामा, वीज गेल्यावर पुन्हा असेच होईल का?" वीज गेल्याने होत नाही. होईल ते राउटरच्या पाठीवरील बारीक भोकात कोणी टाचणी खुपसली तर. त्याने यंत्र कारखान्यातून आले तसे कोरे होते आणि पत्तेवाटप पुन्हा सुरू होते. म्हणून वहीचे ते पान वरच्या राउटरशेजारी भिंतीस चिकटविले, त्यात नवा पत्ता लिहिला, आणि खाली "टाचणी लावू नये" असे बजावले. अक्षर थोरल्याचे आहे. त्यासाठी तो कितीतरी दिवसांनी माडीवर आला होता, आणि चहा तेथेच झाला.