सेकंदाला छप्पन्न हजार!

समजा, एक गवंडी आहे. वय पंचेचाळीस, हजेरी ९०० रुपये. तंबाखूने तोंडात जखम झाली, ऑपरेशन झालं, पन्नास दिवस काम बंद. बुडाले ४५,००० रुपये. त्याच्या उशाशी बसायचं म्हणून बायकोने कामं सोडली. तिचे रोजचे ४०० धरा, म्हणजे आणखी २०,०००. एकूण ६५,०००! आणि यात डॉक्टरचं बिल अजून धरलेलंच नाही.

आता हाच हिशेब देशाचा मांडू. २०१७-१८ या एकाच वर्षात तंबाखूने पस्तिशीपुढच्या भारतीयांच्या आजारपणांतून आणि मृत्यूंतून देशाचं किती नुकसान केलं, ते जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासाने मोजलं. आकडा आला १,७७,३४१ कोटी रुपये! दिवसाला ४८६ कोटी. मंगळयानाची अख्खी मोहीम ४५० कोटींत झाली होती. आपण रोज एक मंगळयान थुंकून टाकतो! तासाला २० कोटी. मिनिटाला ३४ लाख. सेकंदाला ५६ हजार! एवढं वाचेपर्यंत त्या गवंड्यासारखी दहाएक घरं बुडालीसुद्धा. पाचशेच्या नोटा टोकाला टोक लावून मांडत निघालो, तर रांग होईल ५ लाख ३२ हजार किलोमीटर. चंद्र मागे पडतो, नोटा संपत नाहीत! गंमत म्हणजे या नुकसानातल्या दर शंभर रुपयांतले दवाखान्यावर जातात फक्त २२. उरलेले ७८ जातात बुडालेल्या कामात आणि अकाली संपलेल्या आयुष्यात. आणि तंबाखूवरच्या अबकारी करातून सरकारला परत मिळतात किती? शंभराला जेमतेम बारा!

आता मधुमेहाकडे वळू. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार देशात १० कोटी १० लाख प्रौढांना मधुमेह आहे. त्यांना वीस डब्यांच्या गाड्यांत बसवू, डब्याला ७२ बर्थ. गाड्या लागतील सत्तर हजार! सीएसएमटीवरून मिनिटाला एक गाडी सोडली, रात्रंदिवस सोडली, तरी शेवटची गाडी सुटायला जवळजवळ ४९ दिवस लागतील. सगळ्या एकामागे एक उभ्या केल्या, तर मुंबई ते पुणे असे दीडशेहून जास्त रूळ गच्च भरतील. थांबा, फलाट अजून रिकामा झालेला नाही! त्याच पाहणीनुसार रक्तदाबवाले साडेएकतीस कोटी आहेत. त्यांच्या गाड्या सोडायला आणखी पाच महिने. बरेच प्रवासी दोन्ही गाड्यांचे, हे खरं. पण गर्दी बघा!

काही आजार तर अंथरूणही धरायला लावत नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी सांगते की १५ ते ४९ वयाच्या शंभर बायकांपैकी ५७ जणींच्या अंगात रक्त कमी आहे. कामाला सगळ्या जातात, पण दम पुरत नाही. रक्तातलं लोह कमी असलं की अंगमेहनतीचं काम सुमारे १७ टक्क्यांनी घटतं, असं अर्थतज्ज्ञांचं गणित आहे. म्हणजे ज्या वेळात सहा विहिरी खणून व्हायच्या, त्या वेळात पाचच होतात. सहावी विहीर कोणी चोरली, कुठेच नोंद नाही!

आता सगळ्यात मोठा आकडा. दम धरा! हृदयविकार, मधुमेह, कर्करोग, दमा, मानसिक आजार, हे पाच असंसर्गजन्य आजार एकत्र केले, तर २०१२ ते २०३० या काळात भारताचं ४.५८ लाख कोटी डॉलरचं उत्पन्न बुडेल, असा अंदाज जागतिक आर्थिक मंच आणि हार्वर्डच्या अभ्यासकांनी २०१४ मध्ये मांडला. डॉलर तेव्हा साठ रुपयांच्या घरात होता. म्हणजे पावणेतीनशे लाख कोटी रुपये! पुन्हा पाचशेच्या नोटा मांडा. चंद्र तर केव्हाच गेला. मंगळ जवळात जवळ येतो तेव्हाचं साडेपाच कोटी किलोमीटरचं अंतरही ओलांडलं. रांग पोचली सव्वाआठ कोटी किलोमीटरवर, सूर्याच्या अर्ध्या वाटेच्याही पुढे!

यातला नुसता शंभरावा भाग वाचवला तरी हातात येतात पावणेतीन लाख कोटी. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्गाचा खर्च धरा ५५ हजार कोटी. शंभरात एक आजार टळला, तर असे पाच महामार्ग!